अंडं नको, दूध नको : करवंदाचे मफिन

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दर वर्षी राजगड-तोरण्याच्या ट्रेकवर एक लेख असतो आणि मेसच्या डाळीवर एक असतो. मी त्याच राजगडाच्या बाजूच्या खोऱ्यातला, त्यामुळे संपादक मंडळाने मला गडावरच लिहायला सांगितलं होतं. पण गडावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय मफिनवर. हसू नका, हा लेख मेकॅनिकलवाल्याने लिहिलेला आहे आणि यात हीट ट्रान्सफर आहे, केमिस्ट्री आहे आणि शेवटी खायलाही आहे.

मफिन म्हणजे वाटीएवढा छोटा केक. वर क्रीम नाही, नक्षी नाही. पीठ कालवायचं, त्यात फळं टाकायची आणि भाजायचं. मी ज्याबद्दल सांगणार आहे तो मफिन ‘व्हीगन’ आहे. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नको. अंडं तर नाहीच, पण दूध, दही, तूप, लोणी आणि मधसुद्धा नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. आमच्या घरी तो शब्द कुणाला माहीत नव्हता, मलाही नव्हता. आम्हाला त्याची गरज पडली ती वेगळ्याच कारणाने.

कारण असं झालं

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तरी बोलताना आम्ही वेल्हंच म्हणतो. घरात आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी, त्यामुळे अंड्याचा पदार्थ तिच्या ताटाजवळ येत नाही. दुसरी आमची भाची, ताईची मुलगी, वय वर्षे चार. तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी पुण्याहून मोठ्या हौसेने केक नेला. आजीची आठवण ठेवून मुद्दाम ‘एगलेस’ मागितला. अंडं नाही म्हणजे सगळ्यांना चालेल, एवढीच माझी अक्कल. ताई आत पोळ्या लाटत होती, तेवढ्यात मी पोरीच्या तोंडात एक तुकडा भरवलासुद्धा. दहा मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. गाडी काढून तिला दवाखान्यात नेली. पोरगी बरी झाली, पण तो अर्धा तास मी विसरणार नाही. ताई मला काही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

चूक केक विकणाऱ्याची नव्हती. मी अंडं नको म्हटलं होतं, त्याने अंडं घातलं नव्हतं. पण बिनअंड्याच्या केकमध्ये अंड्याची जागा बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क, दही किंवा दुधाची पावडर घेते. म्हणजे एगलेस केकमध्ये दूध जास्तच असू शकतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर?

पुढच्या वर्षीच्या वाढदिवसाला ताईने केक आणलाच नाही. शेजारची पोरं जमली, शिरा झाला, तोही तुपातला. पोरीला वेगळ्या वाटीत चुरमुरे. ती काही रडली बिडली नाही. तिला सवय झाली होती. चार-पाच वर्षांच्या पोराला अशी सवय व्हावी हे मला बरं वाटलं नाही. तेव्हा ठरवलं, की आजी आणि भाची दोघींना एकाच ताटलीतून उचलून खाता येईल असा केक घरीच करायचा. 

आधी दुधाबद्दल दोन शब्द

आपल्याकडे दूध ‘बाधतं’ असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे लॅक्टोज न पचणं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं विकर आतड्यात कमी असेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. त्रास होतो, पण जिवावर येत नाही. दुसरी म्हणजे खरी अ‍ॅलर्जी. ती दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन आणि मठ्ठ्यातल्या प्रथिनांची असते. शरीराची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनालाच शत्रू समजते. यात थोडंसं दूधही पुरतं आणि प्रसंग गंभीर होऊ शकतो.

गावाकडे लगेच सल्ला येतो, ‘गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या, नाहीतर शेळीचं द्या.’ तसं करू नका. या सगळ्या दुधांतली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरंही बाधण्याची शक्यता मोठी. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. थोडं थोडं देऊन बघू, हा प्रयोगही घरी करायचा नाही. ते डॉक्टरांचं काम.

आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. आपल्या देशात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध येतं. व्हीगन पदार्थांसाठी सरकारने २०२२ साली वेगळे नियम केले आणि त्यांचं हिरव्या ‘व्ही’चं वेगळं चिन्ह आहे. ते नसेल तर घटकांची यादी वाचायची. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिनेट’ यांपैकी काहीही दिसलं तर ते दूधच.

अंडं नेमकं काय काम करतं?

आता मूळ प्रश्न. केकमधून अंडं, दूध, लोणी काढलं तर राहिलं काय? आपल्या भाषेत सांगायचं तर मशिनचा एखादा पार्ट काढण्याआधी तो कशाला बसवला होता ते बघावं लागतं. मग तेच काम करणारा दुसरा पार्ट शोधायचा.

अंड्याची कामं तीन. पहिलं, बांधून ठेवणं. अंड्यातली प्रथिनं साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होत जातात आणि केकचा सांगाडा धरून ठेवतात. दुसरं, हवा पकडणं. फेटलेल्या अंड्यात बुडबुडे अडकतात. तिसरं, तेल आणि पाणी यांची भांडणं मिटवणं, म्हणजे इमल्सिफायरचं काम. शिवाय अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, तो ओलावा वेगळा.

बांधायचं काम आपल्याकडे जवस करतं. तेच जवस ज्याची चटणी तुमच्यापैकी निम्म्यांच्या डब्यात असते. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. जवसाच्या सालीत एक चिकट द्रव्य असतं ते पाणी धरून ठेवतं. पिकलेलं केळंही हेच काम करतं आणि वर गोडी व ओलावा देतं. साल काळी पडलेलं, मेसमध्ये कुणी हात लावत नाही असं केळं असेल तर उत्तम. हवेचं काम मात्र जवसाला नीट जमत नाही. ते आपण सोड्याकडे देऊ.

दुधाचं काम त्यामानाने सोपं आहे. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तेव्हा बरंचसं काम पाणीच करतं. दुधाचा दुसरा उपयोग रंगासाठी. त्यातली प्रथिनं आणि साखर उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि केकला तपकिरी रंग व खमंग वास येतो. भाजलेल्या भाकरीला, पोळीच्या डागांना जो वास येतो तोही याच प्रक्रियेचा. साखरेऐवजी गूळ घातला की ही उणीव भरून निघते, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज थोडेफार सुटे असतातच आणि ते लवकर रंग धरतात. पिठात प्रथिनं आहेतच.

लोण्याऐवजी तेल. वासाचं नको. आम्ही रिफाइंड शेंगदाणा तेल वापरलं, सूर्यफूलही चालेल. तेल पिठाच्या कणांवर बसतं आणि पीठ चिवट होऊ देत नाही.

ही युक्ती काही माझी नाही. १९३० च्या दशकातल्या मंदीत आणि महायुद्धांच्या काळात अमेरिकेत अंडी, दूध, लोणी महाग किंवा दुर्मीळ झालं, तेव्हा तिथल्या बायकांनी तेल, पाणी, सोडा आणि व्हिनेगरवर केक केले. त्याआधीही एक गोष्ट आहे. आपण मेसमध्ये रविवारी जे कस्टर्ड खातो त्याची पावडर बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने १८३७ साली तयार केली. मूळ कस्टर्डमध्ये अंडं असतं आणि त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्याने कॉर्नफ्लोअर वापरलं. तिला यीस्टही चालत नव्हतं, म्हणून १८४३ साली त्याने बेकिंग पावडर बनवली. म्हणजे आज जगभरच्या बेकऱ्या ज्या पावडरीवर चालतात ती एका माणसाने घरातल्या एका व्यक्तीला सगळ्यांसारखं खाता यावं म्हणून शोधली. हे वाचलं तेव्हा मला जरा धीर आला.

सोडा आणि जांभळाचा हिरवा मफिन

मेच्या शेवटी परीक्षा संपवून घरी गेलो. वाढदिवसाला दहा दिवस होते. भोर-वेल्ह्याकडे हे दिवस रानमेव्याचे. करवंदं संपत आलेली असतात आणि जांभळं सुरू होतात. रस्त्याच्या कडेला बायका-पोरं पानाच्या द्रोणात घेऊन बसतात. डोंगराच्या उताराला करवंदीच्या जाळ्या तर फुकटच. मी नसरापूरहून बेकिंग पावडर आणि केळी आणली, जांभळं घरचीच होती, आणि पहिला प्रयोग केला.

मफिन हिरवा झाला. हिरवा म्हणजे काय, शेवाळ्यासारखा करडा-हिरवा. चवीला साबण. आजीने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, ‘‘आरं, ह्ये काय श्यान हाय का काय?’’

रात्री विचार करताना बारावीचं प्रॅक्टिकल आठवलं. जांभळाचा, करवंदाचा जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा असतो. ही रंगद्रव्यं म्हणजे लिटमसचे भाऊबंद. आम्लात लाल-गुलाबी, अल्कलीत निळी-हिरवी. माझा मफिन मला सांगत होता, की सोडा जास्त झालाय आणि आंबट कमी पडलंय.

खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट. नुसता तापवला तर त्यातला निम्माच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. साबणाची चव त्याचीच. आम्ल असेल तर सगळाच्या सगळा वायू सुटतो आणि मागे निरुपद्रवी क्षार राहतो. आता हिशेब. माझ्या सहा मफिनला पाव चमच्याचा निम्मा, म्हणजे साधारण ०.६ ग्रॅम सोडा पुरतो. सोड्याचा रेणुभार ८४. म्हणजे ०.००७ मोल, खोलीच्या तापमानाला सुमारे १७५ मिलिलिटर वायू. एक चहाचा कप भरून. तो सहा वाट्यांच्या पिठात बारीक बारीक बुडबुड्यांनी पसरवायचा आहे, एवढीच सगळी गोष्ट. हा सोडा पुरता मारायला दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर लिंबाचा रस लागतो, कारण लिंबाच्या रसात पाच टक्क्यांच्या आसपास सायट्रिक आम्ल असतं. मी पहिल्या वेळी सोडा चमचाभर घातला होता आणि लिंबू अजिबात नाही! 

बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं, ओलावा लागू नये म्हणून सोबत स्टार्च. बाजारातल्या पुष्कळ पावडरी दोन टप्प्यांत काम करतात, थोडा वायू कालवताना आणि उरलेला भाजताना. म्हणून सोडा-लिंबू थोडं आणि बेकिंग पावडर थोडी, असं दोन्ही घ्यायचं.

कणीक मळू नका

दुसऱ्या प्रयोगात रंग जमला, पण मफिन रबरासारखा. इथे चूक हाताची होती. आपल्याला पीठ दिसलं की मळायची सवय. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं गेलं की ग्लुटेनची जाळी तयार होते. पोळीला ती हवीच, नाहीतर पोळी लाटताना फाटेल. मफिनला ती नको. म्हणून कोरडं वेगळं कालवायचं, ओलं वेगळं कालवायचं, आणि मग दोन्ही एकत्र करून चमच्याने दहा-बारा वेळाच हलवायचं. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. भज्याचं पीठ जसं आपण घोटत बसत नाही तसंच.

घरच्या गव्हाच्या पिठात कोंडा असतो, म्हणून ते बारीक चाळणीने चाळून घ्यावं. त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घातलं तर आणखी चांगलं. तांदळात ग्लुटेन नसतं, त्यामुळे मफिन हलका खुसखुशीत होतो. आमच्याकडे इंद्रायणी तांदूळ पिकतो, आम्ही तोच दळला.

ओव्हन नाही, मग?

तिसऱ्या प्रयोगात मफिन फुगला, आतून शिजला, पण वरून पांढराफटक. ओव्हन नव्हता. बिडाच्या कढईत तळाला मिठाचा थर, त्यावर तिवई, त्यावर वाट्या आणि वर झाकण, असं मी गॅसवर केलं होतं. मीठ उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं आणि तळ एकदम करपू देत नाही. पण उष्णता सगळी खालून. झाकण त्यामानाने थंड, त्यामुळे वरून रंग येत नाही. तपकिरी रंगाच्या प्रक्रियेला वेग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. म्हणूनच शिट्टी लावलेल्या कुकरमध्ये वाफेवर केक शिजतो पण भाजत नाही. तिथे १२० अंशांच्या आसपासच गाडी थांबते.

मी झाकणावर काय ठेवता येईल याचा विचार करत बसलो होतो. वहीत आकृतीसुद्धा काढली होती, वर कॉइल लावली तर किती वॅटची वगैरे. आजी बराच वेळ बघत होती. मग उठली, चुलीतले चार निखारे चिमट्याने काढले आणि कढईच्या लोखंडी झाकणावर ठेवले. म्हणाली, ‘‘धोंडसाला असंच करत्यात. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?’’

आजीचं माहेर वरंध घाटाच्या खाली, महाडकडे. भोरवरून घाट उतरला की कोकण. तिकडे पावसाळ्यात तवसं, म्हणजे मोठी जून काकडी, किसून त्यात तांदळाचा भाजलेला रवा, गूळ आणि ओलं खोबरं घालून जाड भांड्यात ठेवतात. खाली निखारे, झाकणावर निखारे. होतो तो काकडीचा केक, त्याला म्हणतात धोंडस. त्यात अंडं नाही, दूध नाही. भांड्याला तूप लावतात त्याजागी तेल लावलं की झाला व्हीगन. मी इंटरनेटवर जे शोधत होतो ते आजी लहानपणापासून खात आली होती, फक्त आमच्याकडे घाटावर आल्यावर तिने ते करणं सोडलं होतं. इकडे कुणाला माहीत नव्हतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

वर निखारे ठेवल्यावर पंचवीस मिनिटांत मफिनला बदामी रंग आला. ओव्हनला खाली एक आणि वर एक अशी दोन एलिमेंट का असतात, हे मला त्या दिवशी पक्कं समजलं.

कृती (६ मफिन)

कोरडं : चाळलेलं गव्हाचं पीठ ८० ग्रॅम, तांदळाचं पीठ २० ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोट्या चमच्याचा निम्मा, चिमूटभर मीठ, थोडी वेलची पूड.

ओलं : एक मोठं पिकलेलं केळं (कुस्करून साधारण १०० ग्रॅम), किसलेला गूळ ६० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, पाणी अडीच मोठे चमचे, लिंबाचा रस दोन छोटे चमचे, आणि जवसाची पूड दीड छोटा चमचा साडेचार छोटे चमचे पाण्यात भिजवून.

फळ : पिकलेली करवंदं अर्धी वाटी, दोन तुकडे करून. बिया खाल्ल्या तरी चालतात, लहान मुलांसाठी काढाव्यात. जांभूळ असेल तर बी काढून तुकडे. दोन्ही नसतील तेव्हा आंबा, चिकू किंवा वाई-महाबळेश्वरकडून येणारी स्ट्रॉबेरी.

१. कढईत दीड-दोन सेंटिमीटर मिठाचा थर द्या, तिवई ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. हे आधी करा. पीठ तयार होऊन वाट बघत बसलं तर सोड्याचा वायू उडून जातो.

२. सहा छोट्या स्टीलच्या वाट्यांना आतून तेल लावून वर पीठ भुरभुरा.

३. गूळ पाण्यात विरघळवून घ्या, गरम केला असेल तर निवू द्या. मग बाकीचं ओलं त्यात घाला.

४. फळाचे तुकडे एक चमचा कोरड्या पिठात घोळवा, म्हणजे ते तळाला बसत नाहीत.

५. ओलं कोरड्यात ओता, दहा-बारा वेळा हलवा, फळं घाला. पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट हवं. कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी.

६. वाट्या दोन तृतीयांश भरा, लगेच कढईत ठेवा. मंद ते मध्यम आच. गॅसवर साधारण ३० ते ३५ मिनिटं, झाकणावर निखारे असतील तर २० ते २५. पहिली २० मिनिटं झाकण उघडू नका, थंड हवा लागली की मधोमध खड्डा पडतो. टूथपिक घालून बघा, कोरडी बाहेर आली की झालं. एका वेळी सहा वाट्या मावत नसतील तर दुसऱ्या खेपेचं ओलं-कोरडं वेगळंच ठेवून ऐनवेळी कालवा.

७. दहा मिनिटांनी वाटीतून सोडवा. घाई केली तर मोडतात. गरमपेक्षा गार झाल्यावर चव चांगली लागते. दोन दिवस टिकतात, फळ ओलं असल्यामुळे जास्त नाही.

तीन सूचना. कल्हई लावलेलं भांडं कोरडं तापवू नका. कल्हई म्हणजे कथील, ते २३२ अंशांना वितळतं. नॉनस्टिकचंही रिकामं भांडं असं तापवायचं नाही. निखाऱ्यांचा प्रकार अंगणात किंवा उघड्या पडवीतच करायचा, बंद खोलीत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. आणि घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर वाट्या, चमचे, चाळणी आधी साबणाने स्वच्छ धुऊन घ्या. दुधाचं पातेलं नुसतं विसळून त्यात पीठ कालवलं तर सगळा उपद्व्याप वाया. जवस आणि शेंगदाणा तेलाचंही एकदा विचारून घ्या. काहींना त्यांचीही अ‍ॅलर्जी असते.

हॉस्टेलवाल्यांसाठी : खोलीत कॉइल लावून हे करू नका. एकतर ते नियमात नाही आणि फ्यूज उडाला की सगळा मजला तुमच्या नावाने ओरडेल. सुट्टीत घरी करा, नाहीतर मेसच्या काकांना रविवारी दुपारी अर्धा तास शेगडी मागा. मी मागितली, मिळाली. स्टाफ क्वार्टर्समध्ये ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं ठेवावं, त्यांना निखारे लागणार नाहीत.

वाढदिवसाला काय झालं

बारा केले. निम्मे करवंदाचे, निम्मे जांभळाचे. ताईने एकेक घटक स्वतः विचारला, पाकिटं उलटी करून वाचली, वाट्या परत एकदा धुऊन घेतल्या. मला राग आला नाही. तिच्या जागी मीही तसंच केलं असतं.

पोरं जमली. भाची नेहमीप्रमाणे जरा मागे उभी. मी ताटली पुढे केली तर तिने हात केला नाही. आधी माझ्याकडे नाही, ताईकडे बघितलं. मग मला विचारलं, ‘‘मामा, हे मला चालतं?’’

‘‘तुलाच चालतं. आणि आजीलापण.’’

तरी ती थांबली. मग आजीने ताटलीतून एक उचलला, अर्धा मोडून तिच्या हातात दिला आणि अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. तेव्हा कुठे पोरीने खाल्लं. आम्ही सगळे अर्धा तास तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. काही झालं नाही. तिने अजून दोन खाल्ले आणि उरलेला एक शेजारच्या पोराला स्वतःच्या हाताने नेऊन दिला.

आजीला विचारलं, कसा झाला? म्हणाली, ‘‘बरा झालाय. धोंडसच हाय, नुसतं वाटीत केलंय. पुढच्या बारीला खोबरं घाल.’’

या श्रावणात तवशाचं धोंडस करायचं ठरलंय. ते आजी करणार आहे, मी फक्त निखारे धरणार आहे.